सरासरीत हरवलेली दुपार

जुलैतल्या दुपारी अबुधाबीत कुणाच्याही गाडीत बसा, तो तुम्हाला डॅशबोर्डवरचा आकडा दाखवणारच. "बघा, त्रेपन्न!" जणू ते त्रेपन्न त्याने स्वतः कमावलेत. माझं डोकं तिथेच फिरतं. गाडीचा सेन्सर बंपरच्या मागे, तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर आणि इंजिनाच्या शेजारी असतो. तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं दुखणं सांगतो. हवेचं तापमान मोजायचं तर सावलीत मोजायचं, माणसाच्या उंचीवर मोजायचं. एकावर एक पालथ्या घातलेल्या पांढऱ्या बशांसारखी एक डबी असते, तिच्यात सेन्सर ठेवायचा आणि वारा खेळता राहील असं बघायचं. हे काम मी या देशात अठरा वर्षं केलं. आता करत नाही. का करत नाही, तेच लिहायला बसले आहे, आणि लिहिताना चिडणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कन्सल्टन्सीत मी नोकरीला होते. माणसं वीसेक. शाळेचं मैदान किती तापेल, दोन टॉवरांच्या मधून वारा वाहील की कोंडेल, बसस्टॉपच्या छपराला कुठला रंग द्यावा, असल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही मोजून द्यायचो. मी अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत राहायची. आठवड्यातले दोन दिवस दुबईला ऑफिसात आणि उरलेले दिवस उन्हात. नवरा म्हणायचा, "पुण्यात शिकलीस कशाला? ऊन तर तिथेही होतं." मला मात्र साइटवरच बरं वाटायचं. थर्मामीटर माणसाचं तोंड बघून आकडा बदलत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला त्याच्या स्विमिंग पूलशेजारचा 'ओअॅसिस' मोजायला बोलावलं होतं. गेले तर काय, चाळीस खजुरीची झाडं, सगळी फायबरची. मी इन्फ्रारेड गन लावली तर पानं अंगणातल्या फरशीपेक्षा जास्त तापलेली. त्याला म्हटलं, "ही झाडं नाहीत, रेडिएटर आहेत." तो म्हणाला, "पण मॅडम, गेस्टना थंड *वाटतं*." तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही, कारण पुढे मी जे केलं ते त्या फायबरच्या झाडांपेक्षा वाईट होतं.

अबुधाबीहून अल ऐनच्या दिशेला, मोठ्या रस्त्यापासून आत, एक छोटी खजुरीची बाग होती. 'होती' म्हणते, कारण आज जे उरलंय त्याला मी तेच नाव देऊ शकत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. बाग अबू राशिद नावाच्या म्हाताऱ्या अरबाच्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. जमीन मात्र कागदोपत्री एका डेव्हलपरच्या प्रकल्पात गेली होती, आणि कुटुंबाला बाग राखायची परवानगी 'पुढचा निर्णय होईपर्यंत' होती. डेव्हलपरला पश्चिमेकडच्या झाडांच्या जागी पार्किंग आणि व्हिलांची एक रांग हवी होती. त्यासाठी एक रिपोर्ट लागत होता: झाडं काढली तर उन्हाळ्यातल्या तापमानावर परिणाम होतो का? हे काम आमच्याकडे आलं आणि बॉसने ते माझ्याकडे दिलं.

मे महिन्यात मी नऊ सेन्सर घेऊन तिथे गेले. बाग राखायला यूसुफ चाचा होता. पाकिस्तानातल्या पंजगूरचा बलोच, तीस वर्षं याच बागेत. मला तो 'बाजी' म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण, आणि मी त्याला सगळ्यांसारखी चाचा म्हणायची. वयाने आम्ही फार लांब नसू. मी पहिला सेन्सर बागेच्या मधोमध उभा केला तर चाचा म्हणाला, "बाजी, यह मशीन क्या बताएगी? जूते उतारो, पैर से पूछो."

मी बूट काढले. बाहेरच्या वाळूवर पाय ठेवणं अशक्य होतं. इथे जमीन ओलसर, थंड.

बाग म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वर खजूर, छत्रीसारखी. तिच्या सावलीत लिंबं, अंजिरं, एक-दोन आंबे. त्यांच्याही खाली जनावरांसाठी लावलेला लसूणघास. आणि या सगळ्यांतून फिरणारा पाण्याचा पाट, फलज. पूर्वी डोंगराकडून येणारं पाणी आता पंपाने येतं, पण पाट तोच. ऊन तीन वेळा गाळून जमिनीवर पोचतं. दुसरं असं की आपल्याकडचा माठ जसा पाझरून गार होतो, तसंच झाडाचं पान. मुळांनी ओढलेलं पाणी पानातून उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. खजुरीची बाग म्हणजे हजारो माठ एकमेकांना टेकून ठेवलेले.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणाच्या लक्षात येत नाही: वारा. तिथे उन्हाळ्यात दुपारचा वारा वाळवंटावरून, पश्चिमेकडून येतो. भट्टीचं दार उघडल्यासारखा. पश्चिमेच्या पहिल्या काही ओळी तो वारा अंगावर घेतात, त्याला मोडतात, ओला करतात, आणि मागच्या झाडांना तो निम्मा माणसाळलेला मिळतो. त्या ओळींतल्या खजुरींना फळ कमी धरतं आणि पानं कायम करपलेली असतात. डेव्हलपरच्या नकाशात त्यांच्यावर 'लो व्हॅल्यू' असं लिहिलं होतं. कापायच्या होत्या त्या नेमक्या याच.

पाच महिने मी मोजत राहिले. जून-जुलैच्या दुपारी दोन वाजता बाहेर सत्तेचाळीस असलं तर आत बेचाळीस. पाच अंश ऐकायला काहीच वाटत नाहीत. शेजारी रस्त्याचं काम चालू होतं. या देशात उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, तेव्हा त्या कामावरची साठ-सत्तर माणसं बागेत येऊन पडायची. बिहारी, नेपाळी, बंगाली. कंपनीने त्यांना पत्र्याची शेड दिली होती, पण तिच्यात कुणी जायचं नाही. पाच अंशांचा अर्थ त्यांच्याकडे बघून कळायचा. बागेत माणसं झोपायची. शेडमध्ये माणूस नुसता बसून राहायचा.

बागेचीही बाजू सांगायला हवी. रात्री ती बाहेरच्या वाळवंटापेक्षा गरम राहते. उघडी वाळू रात्री आपली उष्णता आकाशात टाकून मोकळी होते, झाडांखाली ती अडकते. ऑगस्टमध्ये समुद्राकडची दमट हवा आली की आत गुदमरायलाही होतं. ओअॅसिस म्हणजे एअर कंडिशनर नव्हे. तो दुपारी कामाला येतो, माणूस मरू शकतो त्या वेळेला. हे मी माझ्या मसुद्यात स्पष्ट लिहिलं होतं, ग्राफ जोडून. शेवटी लिहिलं होतं की पश्चिमेच्या ओळी काढू नयेत.

मसुदा वाचून बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. कारखानीस त्याचं नाव. मुंबईचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, गणपतीत आरती खड्या आवाजात म्हणणारा. दार लावून तो मराठीत बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"नीलिमाताई, ग्राफ सुंदर आहेत. पण क्लायंटने प्रश्न विचारलाय उन्हाळ्याच्या सरासरी तापमानाचा. तुम्ही दुपारचं लिहिलंय."

"सर, बागेचा उपयोगच दुपारी आहे."

"ते तुमचं इंटरप्रिटेशन झालं. मे ते सप्टेंबर, चोवीस तासांची सरासरी काढा ना. बागेतली आणि बाहेरची. किती फरक येतो?"

किती येणार ते मला माहीत होतं. दिवसाची थंडाई आणि रात्रीची ऊब एकमेकींना खाऊन टाकतात. उरतो अर्धाएक अंश.

"यात आकडा कुठे खोटा आहे, सांगा मला," तो म्हणाला. "एक तरी आकडा खोटा सांगा."

मला सांगता आला नाही. आज याचीच सगळ्यात जास्त चीड येते. एकही आकडा खोटा नव्हता. एका हातात निखारा आणि दुसऱ्या हातात बर्फ दिलेल्या माणसाला, सरासरीत तू आरामात आहेस, असं सांगण्याइतकंच ते खरं होतं. मी दोन दिवस कुरकुर केली. मग रिपोर्टमध्ये वाक्य गेलं: 'बागेमुळे उन्हाळी सरासरी तापमानात पडणारा फरक नगण्य आहे.' दुपारचे ग्राफ शेवटच्या परिशिष्टात गेले, जिथपर्यंत कुणी वाचत नाही. खाली सही माझी. माझ्यावर कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. व्हिसा कंपनीचा होता, मुलगी कॉलेजात होती, आणि मला भांडायचा कंटाळा आला होता. कारणं एवढीच.

हिवाळ्यात पश्चिमेची झाडं निघाली. खजूर मुळासकट उपटून दुसरीकडे लावता येते, म्हणून 'कापली' म्हणायचं नाही, 'रिलोकेट केली' म्हणायचं. ट्रकांत आडवी पडलेली ती झाडं डेव्हलपरच्याच दुसऱ्या एका प्रकल्पाच्या फाटकावर उभी राहिली. त्या प्रकल्पाच्या नावात ओअॅसिस हा शब्द होता. मी खोटं सांगत नाही.

पुढच्या जूनमध्ये, तिथेच राहिलेले सेन्सर काढून आणायला मी गेले. सकाळी अकराची वेळ. गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकू आला. पूर्वी बागेत पानांची सळसळ असायची, आता झावळ्या एकमेकींवर खडखडत होत्या. पश्चिमेकडून वारा थेट आत घुसत होता. पुढची लिंबं वाळून काटक्या झाली होती, पाटाच्या काठावर वाळू साठली होती आणि लसूणघास पिवळा पडला होता. चाचा खजुरीवर चढून घडांना जाळी बांधत होता.

"चाचा, उतरो. बहुत गर्मी है."

"बस दो पेड़, बाजी. पहले तो दोपहर तक चढ़ता था." तो वरूनच म्हणाला. "अब पेड़ भी गरम लगता है."

मी सेन्सर उतरवत बसले. साडेबाराला रस्त्यावरची माणसं आली. पूर्वीची सवय. पण झोपलं कुणीच नाही. एकेक जण पूर्वेच्या भिंतीकडे सरकत गेला. मी लॅपटॉप जोडला आणि त्या क्षणाचे आकडे बघितले. मधला सेन्सर आणि बाहेरचा सेन्सर यांच्यात जेमतेम दीड अंशाचा फरक उरला होता. मी ते बघत असतानाच कुणीतरी ओरडलं.

चाचा खाली उतरला होता, पण झाडाला धरून उभा राहून बलोचीत काहीतरी बडबडत होता. मी जवळ गेले तर त्याने मला ओळखलं नाही. कातडी कोरडी, तव्यासारखी तापलेली. घाम थांबला होता. हे काय असतं ते मला ठाऊक होतं. दरवर्षी साइटवरच्या माणसांना मीच त्यावर लेक्चर द्यायची.

"पानी में डालो!" मी ओरडले. "पाटात झोपवा त्याला! कपड्यांसकट!"

मराठी बोलतेय की हिंदी, माझं मलाच कळत नव्हतं. त्यांना मात्र कळलं. चार नेपाळ्यांनी चाचाला उचलून फलजच्या पाटात आडवं केलं. पाणी फार थंड नव्हतं, पण वाहतं होतं. एकाने त्याचं डोकं मांडीवर धरलं, दोघे ओंजळींनी पाणी मारत होते, बाकीचे पुठ्ठ्याने वारा घालत होते. मी फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला रस्ता सांगत होते. चाचाला दोन झटके आले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो पुटपुटायचाही थांबला होता.

तो वाचला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की पाण्यात घातलं म्हणून वाचला. पण मूत्रपिंडांना इजा झाली होती आणि चालताना तोल जायचा. बरेच आठवडे तिथेच होता. मग अबू राशिदने त्याला पंजगूरला, त्याच्या मुलीकडे पाठवून दिलं. तीस वर्षं झाडांवर चढणारा माणूस भिंत धरून विमानतळावर गेला.

पश्चिमेच्या ओळी असत्या तर चाचा पडला नसता, हे मी सिद्ध करू शकत नाही. मोजणाऱ्या माणसाने असं वाक्य लिहू नये. वय झालं होतं, तो हट्टाने चढला होता, जूनचा महिना होता. कारखानीसनेही मला हेच ऐकवलं. पण जे सिद्ध करता येत होतं ते मी परिशिष्टात पुरलं होतं, त्याचं काय?

चाचा पडला त्या संध्याकाळी घरी मी रडत नव्हते, भांडी आपटत होते. माझी मुलगी ईशा इथेच वाढलेली, बावीस वर्षांची. मराठी समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिने माझ्या लॅपटॉपवर तो रिपोर्ट उघडून वाचला. सगळा वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, धिस इज नॉट व्हॉट यू टोल्ड मी लास्ट समर."

"मला करायला लावलं त्यांनी."

"बट यू साइन्ड इट."

एवढंच म्हणून ती खोलीत गेली. माझा राग तोपर्यंत कारखानीसवर होता, डेव्हलपरवर होता, उन्हावर होता. त्या वाक्यानंतर तो घरी परत आला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सांगितलं की माझी सही मी मागे घेते आहे, आणि तसं पत्र क्लायंटला आणि परवानगी देणाऱ्या खात्याला पाठवते आहे, दुपारच्या ग्राफसकट. डेव्हलपरच्या दुसऱ्या टप्प्यात मधली झाडंही जाणार होती, त्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता.

"नीलिमाताई, तुम्हाला कळतंय का काय करताय?" कारखानीसचा चेहरा पांढरा पडला होता. "सगळ्या कंपनीचं नाव जाईल. वीस जणांची घरं आहेत."

"सत्तर माणसं त्या झाडांखाली झोपायची."

"ती आपली जबाबदारी नव्हती!"

"मग कुणाची होती?" मी इतक्या जोरात ओरडले की काचेपलीकडचे सगळे उभे राहिले. "तुम्ही मला विचारलं होतं ना, एक तरी आकडा खोटा सांगा म्हणून? वाक्य खोटं होतं, कारखानीस! वाक्य!"

अठरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच 'सर' म्हटलं नाही.

पत्र गेलं. खात्याने मीटिंग बोलावली. मी भीत भीत गेले, तर तिथे एक तरुण अमिराती अधिकारी बाई होती, आणि तिने परिशिष्ट आधीच वाचलेलं होतं. ती म्हणाली, "मी या पानावर अडकले होते. पण रिपोर्टचा निष्कर्ष उलटा होता, आणि खाली एक्स्पर्टची सही होती." मी मान खाली घातली. अबू राशिदही आला होता, काठी टेकत. दुसरा टप्पा रद्द झाला. उरलेली झाडं राहतील, पश्चिमेला डेव्हलपरने स्वतःच्या पाण्याने पुन्हा खजुरी लावायच्या, असं ठरलं. माझं काँट्रॅक्ट त्या महिन्याअखेर संपलं, ते पुढे वाढलं नाही. कारखानीसची कंपनी चालू आहे. गणपतीत तो अजूनही खड्या आवाजात आरती म्हणतो, आणि मला बघून दुसरीकडे तोंड करतो. खरं तर मीच आधी करते.

हे ऐकून ओळखीचे लोक म्हणतात, चला, शेवट तरी गोड झाला. मला त्यांचाही राग येतो. गोड काय झालं? जे टिकलं ते आधीपासून उभंच होतं. जे गेलं ते फाटकावर सजावट म्हणून वाळत उभं आहे. आणि एक माणूस पंजगूरमध्ये भिंत धरून चालतो.

मीटिंगनंतर काही आठवड्यांनी मी बागेत गेले. पश्चिमेला नवी रोपं लावून झाली होती. गुडघ्याएवढी, प्रत्येकाभोवती गोणपाट गुंडाळलेलं. अबू राशिद दिशदाशा, तो त्यांचा लांब झगा, खोचून स्वतः पाटातली वाळू फावड्याने काढत होता. त्याचं घराणं पूर्वी मुंबईशी व्यापार करायचं, म्हणून त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि दोन दिवस पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"अबू राशिद, गलती मेरी थी. मुझे माफ कर दीजिए."

त्याने फावडं थांबवलं नाही. वाळूचा एक ढीग काठावर टाकला, मग दुसरा.

"मुहन्दिसा," तो म्हणाला, म्हणजे इंजिनिअरबाई, "हम को नहीं बोलो. इस को बोलो." त्याने फावड्याच्या टोकाने त्या गोणपाटातल्या रोपाकडे दाखवलं. "नखल बीस साल बाद जवाब देगा." नखल म्हणजे खजूर.

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. नवऱ्याची नोकरी आहे तोवर त्याच्या व्हिसावर मी इथे आहे, आणि तो पुढच्या मार्चमध्ये रिटायर होतो. मी वाकून दुसरं फावडं उचललं. अबू राशिदने माझ्याकडे बघितलंही नाही, पण पाटात थोडा बाजूला सरकला.